दोन माईक लावता, मग ते एकत्र ऐकणार कोण?

एका गिटार अँपसमोर (अँप्लिफायर आणि त्याचा स्पीकर) तीन माईक लावायचे, तिन्ही ट्रॅक रेकॉर्ड करायचे आणि ते एकत्र कसे वाजतात हे एकदाही न ऐकता मिक्सला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवायला, माझ्याकडे पाठवून द्यायचे. हा प्रकार आता मला असह्य झालाय. प्रत्येक माईक सोलो करून, म्हणजे एकटा, ऐकला की झकास. तिन्ही फेडर (पातळीच्या सरकपट्ट्या) वर केले की गिटार गायब! खर्ज गेलेला, मधला भाग पोकळ, आणि वरून नाकातून बोलल्यासारखा चिरका सूर. सोबतचा निरोप ठरलेला: "टोन भारी आलाय, फक्त थोडं ईक्यू मारा."

ईक्यूने, म्हणजे ठरावीक फ्रीक्वेन्सी उचलून-दाबून, काही होणार नाही. भरायला तिथे काही उरलेलंच नाही. ज्या फ्रीक्वेन्सीवर एका माईकची लाट वर चढते तेव्हाच दुसऱ्याची खाली उतरते, तिथे बेरीज शून्य येते. लाटांच्या या मेळालाच फेज म्हणतात. त्या शून्याला बारा डीबीने (डेसिबलने) उचला नाहीतर वीसने, शून्यच राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि यात गूढ काही नाही, शाळेतलं गणित आहे. साध्या खोलीच्या तापमानाला आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. एक माईक स्पीकरच्या जाळीला चिकटवला आणि दुसरा त्याच्या १७ सेंटिमीटर मागे ठेवला, तर दुसऱ्याकडे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की पहिला खड्डा १००० हर्ट्झला पडतो, पुढचा ३००० ला, त्यापुढचा ५००० ला. बारा इंची गिटार स्पीकरचा आवाज ५००० च्या आसपास उतरायला लागतो. म्हणजे गिटार जिथे बोलते नेमक्या त्याच पट्ट्यात तुम्ही ओळीने खड्डे खणले. अंतर ३४ सेंटिमीटर केलंत तर खड्डे ५००, १५००, २५०० वर. दुसरा माईक कुठे ठेवायचा हा टोनचाच निर्णय असतो, आणि तो निर्णय स्टँड जिथे टेकला तिथे सोडून दिला जातो.

हे सांगितलं की लगेच उत्तर येतं, "फेजचं बटण दाबलंय की!" या वाक्याने माझं डोकं फिरतं. शून्यावर तिरकी रेघ असलेलं ते बटण पोलॅरिटी उलटवतं, म्हणजे लाटेचा चढ उतार होतो आणि उतार चढ. सगळ्या फ्रीक्वेन्सी एकदम उलट्या, बस. वेळेचा फरक त्याने एका मायक्रोसेकंदानेही कमी होत नाही. वरच्याच उदाहरणात, १७ सेंटिमीटरचा फरक असताना बटण दाबा. १००० चा खड्डा भरतो, पण आता २००० आणि ४००० ला नवे खड्डे पडतात आणि खालचा सगळा खर्ज वाहून जातो. खड्डे बुजले नाहीत, नुसते सरकले. त्या बटणाची खरी कामं वेगळी आहेत. मागून उघड्या कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) पाठीमागे माईक लावला असेल तर तिथे स्पीकरचा कोन (हलणारा शंकूसारखा पडदा) उलट्या दिशेने ढकलत असतो, तिथे ते दाबा. रिबन माईक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज पकडणारा) पाठमोरा लावला असेल तर दाबा. कुणीतरी केबल सोल्डर करताना दोन आणि तीन नंबरच्या पिना उलट्या जोडल्या असतील तर दाबा, आणि मग ती केबल दुरुस्त करा.

दुसरं पाठ केलेलं वाक्य म्हणजे तीनास एकचा नियम. "पहिला माईक एक इंचावर, दुसरा तीन इंचावर, म्हणजे फेजचा प्रश्नच नाही." प्रश्न आहे! तो नियम वेगवेगळ्या स्रोतांसमोरच्या वेगवेगळ्या माईकांसाठी आहे. शेजारच्या स्रोताचा जो आवाज तुमच्या माईकमध्ये झिरपतो, तो तिप्पट अंतरामुळे नऊ-दहा डीबीने दबतो आणि त्यामुळे फारसा त्रास देत नाही. एकाच स्पीकरवर दोन माईक लावून दुसऱ्याचा गेन वाढवून दोघांना एका पातळीवर आणलंत, की पातळीतला तो फरक संपला आणि नियमही संपला. मग तीन इंच काय, तीस इंच काय!

त्यातल्या त्यात काळजी घेणारे लोक दोन माईकांची तोंडं एका रेषेत लावतात आणि समाधानाने हात झटकतात. पण आवाज तोंडाला नाही, डायफ्रॅमला, म्हणजे आतल्या थरथरणाऱ्या पडद्याला लागतो. शुअरच्या एसएम ५७ या डायनॅमिक माईकचा डायफ्रॅम पुढच्या टोकाशी, जाळीच्या लगेच आत असतो. बाजूने आवाज घेणाऱ्या रिबनची पट्टी मात्र अंगाच्या आत, मधोमध. बाहेरून पाहिलं तर दोन्ही समान, आत एकदोन सेंटिमीटरचा फरक. आणि पावणेदोन सेंटिमीटरच्या फरकाने ५००० हर्ट्झला ९० अंशांचं अंतर पडतं, साडेतीन सेंटिमीटरला ५००० पूर्ण कटतं. जी धार ऐकून तुम्ही तो अँप निवडला, ती तिथेच मरते. शिवाय स्पीकरचा कोन सपाट नसतो. एक माईक डस्ट कॅपसमोर (कोनच्या मधल्या टोपीसमोर) आणि दुसरा कोनच्या कडेला असेल, तर कॅबिनेटच्या कापडापासून सारखं अंतर म्हणजे कोनपासून सारखं अंतर नव्हे.

हे सगळं मोजपट्टीने सुटलं नाही तरी कानाने सुटतं, आणि दहा मिनिटांत सुटतं. म्हणून तर संताप येतो! अँपचा गेन चढवा, नुसती खरखर वाजू द्या किंवा पिंक नॉइज (सगळ्या फ्रीक्वेन्सी असलेला खळखळाट) सोडा. दोन्ही माईकांची पातळी सारखी करा. एकाची पोलॅरिटी उलटवा आणि मोनोत, म्हणजे दोन्ही एकातच मिसळून, ऐका. दुसऱ्या माणसाला एक माईक पुढेमागे अगदी हळू सरकवायला सांगा. जिथे आवाज सर्वात पातळ, सर्वात लहान होईल तिथे थांबा. स्क्रू आवळा. पोलॅरिटी सरळ करा. आता गिटार वाजवा आणि बघा, तीच गिटार, तोच अँप, पण खर्ज छातीवर येतो. मग जमिनीवर स्टँडच्या पायांभोवती टेप मारून ठेवा, कारण बूम (स्टँडची आडवी दांडी) हळूहळू खाली झुकतो, नट ढिला असतो आणि तिसऱ्या टेकपर्यंत कुणाचा तरी पाय लागलेला असतो. टेकच्या आधी पुन्हा एकदा ऐका. एवढंच मागतोय मी.

त्याऐवजी मिळतं काय? "नंतर ट्रॅक सरकवून घेऊ." सरकवता येतो, मान्य. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० मापं) एक सँपल, म्हणजे एक माप, हे आवाजाचं सुमारे सात मिलिमीटर अंतर, तेवढं बारीक काम माऊसने होतं. पण सरकवल्याने थेट आलेला आवाज जुळतो. जमिनीवरून उसळून आलेला आवाज दोन्ही माईकांत वेगवेगळ्या वेळी पोचलेला असतो, तो जुळत नाही. डायनॅमिकचा आणि रिबनचा स्वतःचा फेजचा स्वभाव वेगळा असतो, तो जुळत नाही. वर एका ट्रॅकवर तुम्ही आधीच हाय-पास (खर्ज कापणारा फिल्टर) लावून रेकॉर्ड केलेलं असतं, त्याने खालची फेज आणखी फिरलेली. स्क्रीनवर दोन शिखरं एकाखाली एक आणून ठेवली म्हणजे आवाज जुळला असं समजणाऱ्यांनी स्क्रीन बंद करून एकदा ऐकावं.

आणि पॅन! एक माईक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, हेडफोनमध्ये काय रुंद वाटतं म्हणून खुश. तेच गाणं फोनच्या एका स्पीकरवर मोनोत वाजलं की गिटार विरघळून जाते, आणि ऐकणारा म्हणतो गिटारवाला कमजोर आहे. रुंदी हवी असेल तर भाग दोनदा वाजवून घ्या. दोन वेगळे टेक एकमेकांना असे खात नाहीत.

लांबच्या रूम माईकचा ट्रॅक मात्र उगाच ओढून पुढे आणू नका. तीन मीटरवरचा माईक जवळपास नऊ मिलिसेकंद उशिरा येतो आणि त्याने यायलाच हवं, खोली ऐकू येते ती त्या उशिरामुळेच. त्याच्याबरोबर खर्ज पातळ होतो का एवढं तपासा.

चीड येते ती त्या वाजवणाऱ्यासाठी. त्याने पिकअप निवडलेले असतात, तारा बदललेल्या असतात, पेडलची बटणं केसाएवढी फिरवून आवाज शोधलेला असतो. खोलीत तो आवाज असतो! मी ऐकलाय तसा आवाज खोलीत उभं राहून. आणि रेकॉर्डिंगमध्ये तो बेफिकिरीने मारला जातो, मग मिक्सवाल्याला विचारतात, गिटार मागे का पडली. दोन माईक सांभाळता येत नसतील तर एकच लावा. १९६५ पासून एसएम ५७ एकटा अँपसमोर उभा राहून काम करतोय, त्याला सोबती लागतोच असं नाही. कानाने शोधून जागी लावलेला एक माईक हा न ऐकता लावलेल्या तिघांपेक्षा शंभर वेळा बरा.

यापुढे तीन माईकांचे ट्रॅक आले तर आधी तिन्ही फेडर सारखे करून मोनोत ऐकणार, आणि पोकळ वाजले तर एक ठेवून बाकीचे बंद करणार. विचारायला फोन करणार नाही. आणि दर वेळी डीआय ट्रॅक (गिटारचा थेट सिग्नल) पाठवत जा, तोही अँपमध्ये जाण्याआधी वेगळा घेतलेला, म्हणजे तुमचा माईक फसला तरी तीच वाजवणी पुन्हा अँपमधून काढून, नीट माईक लावून रेकॉर्ड करता येईल.