दूध-भाताने म्हाताऱ्या मांजराची किडनी वाचत नाही

कोकणातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. मजकूर थोडक्यात असा: “मांजर दहा वर्षांचं झालं, पाणी जास्त पिऊ लागलं, उलट्या करू लागलं की त्याची किडनी गेली समजा. मासे-चिकन ताबडतोब बंद करा, दूध-भातावर ठेवा. उलटी म्हणजे पोटातले केस, त्याला औषध लागत नाही. शहाळ्याचं पाणी पाजा, किडनी साफ होते. शौचाला खडा होत असेल तर एरंडेल द्या. सलाईन लावू नका, एकदा लावलं की त्याशिवाय जगत नाही. क्रिएटिनिन दोनच्या वर गेलं असेल तर उगाच हाल करू नका.”

हा संदेश पुढे पाठवणारे मायेनेच पाठवतात. पण म्हातारपणी बऱ्याच मांजरांना किडनीचा आणि आतड्यांचा जुनाट आजार एकदमच असतो, आणि अशा मांजराला या सल्ल्याने उपासमार घडते. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासून पाहू.

“मासे-चिकन बंद, दूध-भात सुरू”

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. किडनीच्या मांजरासाठी जे तयार खाद्य मिळतं त्यात प्रथिनं थोडी कमी असतात हे खरं. पण त्या खाद्याचा मुख्य गुण म्हणजे त्यात फॉस्फरस कमी असतो. थकलेल्या किडनीला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो आणि किडनीची झीज वाढवतो. तेव्हा आवरायचा आहे तो फॉस्फरस. मांस पूर्ण तोडायचं नाही.

मांजराचं शरीर प्रथिनं जाळायचं थांबत नाही. अन्नातून मिळाली नाहीत तर ते स्वतःचे स्नायू मोडतं, आणि त्या मोडतोडीचा कचरा पुन्हा किडनीवरच येऊन पडतो. म्हाताऱ्या मांजराला स्नायू टिकवायला दर किलो वजनामागे रोज साधारण ५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम. १५० मिलि दूध आणि १०० ग्रॅम शिजलेला भात यांतून मिळतात जेमतेम ७-८ ग्रॅम. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात, अंगातलं पाणी जातं, आणि ज्या किडनीला पाण्याची सर्वांत जास्त गरज आहे तीच कोरडी पडते. टॉरिन या मांस-मासळीतून मिळणाऱ्या घटकाचीही वानवा होते. तो कमी पडला तर मांजराचं हृदय पसरट आणि दुबळं होतं, हे १९८७ मध्येच सिद्ध झालं आहे.

मग द्यायचं काय? किडनीचं खाद्य मांजर खात असेल तर तेच उत्तम, आणि त्यातही ओलं. जुन्या खाण्यात ते चमचाभर मिसळायला सुरुवात करा आणि २ ते ४ आठवड्यांत प्रमाण वाढवत न्या. मात्र मळमळ चालू असताना नवं खाद्य पुढे करू नका. मांजर त्या वासाची सांगड मळमळीशी घालतं आणि पुढे त्याला कायमचं तोंड लावत नाही. हे खाद्य खाल्लंच नाही तर हाडं काढलेलं उकडलेलं चिकन किंवा मासा द्या. फॉस्फरस काट्यात सर्वांत जास्त असतो. त्यामुळे सुरमईचा किंवा हलव्याचा काटे काढलेला तुकडा चालतो, पण मांदेली, तारली, जवळा असं काट्या-सालासकट खाल्लं जाणारं नको. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग फार उपयोगी: एका अंड्यामागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि फॉस्फरस नगण्य. पिवळा बलक मात्र उलट, फॉस्फरसने भरलेला. घरचंच खाणं महिनोन्महिने चालणार असेल तर टॉरिन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पुरवणी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध दिलं असेल तर ते अन्नातच कालवा. रिकाम्या पोटी दिलं तर ते वाया जातं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताज्या मासळीवर वाढलेल्या मांजरासमोर तेव्हा सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा येतो. यांत मीठ आणि फॉस्फरस दोन्ही प्रचंड. त्यामुळे मे महिन्यातच काटे काढलेले तुकडे एकेका वेळेपुरते फ्रीजरमध्ये टाकून ठेवा, किंवा पावसाळ्याआधीच त्याला चिकनची सवय लावा. कालवणातला मासा धुऊनही देऊ नका. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि किडनीच्या मांजराचं रक्त आधीच कमी असतं.

“उलटी म्हणजे केस”

केस पोटात जातात ते रोजच. ते पुढे सरकत नसतील तर आतड्याची हालचाल बिघडली आहे, असा त्याचा अर्थ. महिन्यातून दोनदा-तीनदा उलटी होत असेल, भूक चांगली असूनही वजन घटत असेल, शौच पातळ आणि घाण वासाचं होत असेल तर आतड्याची जुनाट सूज किंवा हळू वाढणारा लिम्फोमा (एक प्रकारचा कर्करोग) यांचा विचार करावाच लागतो. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड दिसते, पण या दोन आजारांतला फरक बायोप्सीशिवाय नक्की कळत नाही.

किडनीची उलटी वेगळी. रक्तात साठलेली विषारी द्रव्यं मेंदूतलं उलटीचं केंद्र चाळवतात. अशा मांजराला प्रत्येक वेळी उलटी होतेच असं नाही. ते ओठ चाटतं, लाळ गिळतं, ताटलीपर्यंत येतं, वास घेतं आणि मागे वळतं. घरचे म्हणतात, “नखरे करतंय.” नखरे नाहीत ते, मळमळ आहे, आणि तिला औषध आहे. मारोपिटंट साधारण दर किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. भुकेसाठी मिर्टाझापिन: माणसांची साडेसात मिलिग्रॅमची गोळी असते तिचा चौथा भाग, किडनीच्या मांजराला एक दिवसाआड. दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. ॲसिडिटीच्या गोळ्या सरसकट देण्यात फारसा अर्थ नाही, कारण या मांजरांच्या पोटात अल्सर क्वचितच सापडतात.

आतडं बिघडलं की बी-१२ हे जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि ते कमी असेपर्यंत बाकीची औषधंही नीट लागू पडत नाहीत. नेहमीचा क्रम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम कातडीखाली, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. नुसतं बी-१२ मागा. बी-कॉम्प्लेक्सचं मिश्रण टोचताना झोंबतं. आतड्याच्या सुजेवर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागलं तर तेही किडनी आहे म्हणून नाकारायचं नसतं. फक्त साखर आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं.

“सलाईनची सवय लागते”

सवय लागत नाही. किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे पाणी वाहून जातं, आणि पिऊन भागत नाही तेवढं बाहेरून द्यावं लागतं. प्रत्येक मांजराला ते लागतंच असंही नाही. जे खातं, पितं, ज्याच्या हिरड्या ओलसर आहेत, त्याला टोचायचं कारण नाही. कोकणात मांजरांचा डॉक्टर अनेकदा तालुक्याच्या गावी असतो. तेव्हा एकदा त्यांच्यासमोर शिकून घेऊन हे घरी देता येतं, आणि दवाखान्याच्या फेरीचा ताणही वाचतो.

बाटली आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेटची. डेक्स्ट्रोजची चालत नाही, कातडीखाली ती त्रास देते. सोबत हवेचं झाकण असलेला आयव्ही सेट आणि १८ किंवा २० नंबरची सुई, दर वेळी नवी. बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या तापमानाला आणा आणि थेंब मनगटावर घेऊन पाहा. बाटली मांजराच्या तीनेक फूट वर खिडकीच्या गजाला टांगा आणि नळीतली हवा काढून टाका. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत तंबूसारखी उचला, सुईचं तिरपं तोंड वर ठेवा आणि पाठीला समांतर आत घाला. अंगावर ओल आली तर सुई कातडीतून आरपार गेली आहे. ४ किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मिलि. रोज द्यायचं की आठवड्यातून दोनदा, ते डॉक्टर ठरवतील. बाटलीवर आधीच पेनाने खूण करा. सुई काढल्यावर अर्धा मिनिट ती जागा दाबून धरा. पाण्याचा गोळा पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. दुसऱ्या दिवशीही तो तसाच असेल तर पुढचा डोस देऊ नका. झोपेतला श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेला तर सलाईन थांबवा आणि लगेच डॉक्टरांना कळवा, हृदयावर भार आलेला असू शकतो. हवा जावी म्हणून बाटलीत दुसरी सुई खोचून ठेवण्याची पद्धत सोडा. आपल्या दमट हवेत त्या भोकातून जंतू आणि बुरशी शिरायला वेळ लागत नाही. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवा. आठवडा झाला किंवा पाणी गढुळलं की टाकून द्या.

“शहाळं पाजा”

शहाळ्याने किडनी साफ होत नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. या आजारात ते रक्तात कमीही असू शकतं आणि शेवटच्या टप्प्यात किंवा लघवी तुंबली तर जास्तही. कमी असेल तर मान खाली झुकते, जास्त असेल तर हृदय थांबू शकतं. ते तपासणीनेच कळतं, आणि कमी असेल तर मोजून पुरवणी देता येते. जबरदस्तीने पाजलेलं पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका वेगळाच. त्यापेक्षा पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि खाण्यात दोन चमचे कोमट पाणी मिसळा.

“एरंडेल द्या”

देऊ नका. कोरड्या शौचाला लॅक्ट्युलोजचं सिरप वापरतात. सुरुवात १ ते २ मिलि, दिवसातून दोनदा, मग शौच मऊ होईल तसं कमी-जास्त. मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा फॉस्फेट एनिमा मांजराचा जीव घेतो, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीही घेते. बोका कुंथत असेल तर आधी लघवी होते आहे ना ते पाहा. ती अडली असेल तर सकाळची वाट पाहायला वेळ नसतो.

“क्रिएटिनिन दोनच्या वर, म्हणजे संपलं”

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, तो किती साठला यावरून किडनीचं काम कळतं. गावातल्या पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर शेजारी छापलेली मर्यादा माणसांची असते. मांजराचे टप्पे वेगळे: १.६ ते २.८ दुसरा, २.९ ते ५ तिसरा, त्याच्या वर चौथा. दोन म्हणजे दुसरा टप्पा, आणि या टप्प्यातली मांजरं नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं जगतात. उलट्या-जुलाबांनी अंग सुकलं असेल तर आकडा फुगतो, म्हणून पाणी भरून काढून पुन्हा तपासावं. मांजर हाडकलं असेल तर आकडा खोटा कमी दिसतो, तेव्हा एसडीएमए ही किडनीची दुसरी रक्तचाचणी जास्त विश्वासाची. लघवीची घनता, फॉस्फरस आणि रक्तदाब यांच्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही. वरचा रक्तदाब १६० च्या वर टिकून राहिला तर एकाएकी आंधळेपणा येऊ शकतो. त्यावर अम्लोडिपिन, अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा भाग, हे नेहमीचं औषध.

हालांचा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर एका आकड्यात नसतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहा: किती खाल्लं, उलटी झाली का, शौच कसं होतं. मांजर परसात जात असेल तर पडवीत वाळूचा ट्रे ठेवा, नाहीतर लघवी-शौच दिसतच नाही. दर रविवारी त्याला पिशवीत घालून डिजिटल ताणकाट्यावर वजन करा. ४ किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम गेले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठू लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखाना गाठा. आणि मळमळीचं औषध, पाणी, भुकेची गोळी सगळं चालू असतानाही खाणं, अंग चाटणं, आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसणं थांबलं, तर ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि शांत मरणाबद्दल मोकळेपणाने विचारा.