एका पौंडाने बाळं वाचतात का? हडर्सफील्डच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलंत की हडर्सफील्डवरच्या लेखात मी एका श्रीमंत महापौराची आरती ओवाळली. तुमचं म्हणणं असं की पौंडाच्या बक्षिसाने मुलं वाचत नसतात, इंग्लंडभर तेव्हा बालमृत्यू कमी होतच होते आणि ११२ बाळांवरून काही सिद्ध होत नाही. शिवाय आयांना अडाणी ठरवून मी गिरण्या, मजुरी आणि घरं यांना मोकळं सोडलं. उत्तर लांबलं आहे, कारण तुमचं बरंचसं मला पटलं आहे आणि एका गोष्टीवर मात्र मी मागे हटणार नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी १९०४ मध्ये बेंजामिन ब्रॉडबेंट महापौर झाले. लाँगवूड भागात आपल्या कारकिर्दीत जन्मलेलं बाळ वर्षाचं झालं की त्याच्या घरी एक पौंड देईन, असं त्यांनी लेखी वचन दिलं. ११२ बाळं जन्मली, त्यातली १०७ वर्षाची झाली. आधीच्या दहा वर्षांत तिथे दर हजारी १२२ बाळं दगावत होती. त्या हिशेबाने तेरा-चौदा जायला हवी होती, गेली पाच.

आकडा लहान आहे, मान्य. देशभराच्या घसरणीबद्दलही तुमचं बरोबर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८९९ साली हजारी १६३ बाळं पहिल्या वर्षात गेली, १९१० साली १०५. लगेच १९११ च्या कडक उन्हाळ्यात हा आकडा पुन्हा १३० वर गेला आणि पुढच्या गार, पावसाळी वर्षी ९५ वर उतरला. आरोग्याची व्यवस्था आणि कायदे जवळपास तेच होते, बदललं होतं ते ऊन. हे मी मूळ लेखात लिहायलाच हवं होतं. आज ती भर घालतो आहे.

पण हे ऊन बाळांना नेमकं कसं मारत होतं? ऑगस्ट-सप्टेंबरात जुलाबाची लाट यायची. टोपलीचे संडास, रस्त्यावर घोड्यांच्या लिदीचे ढीग, त्यावरच्या माश्या, आणि त्याच माश्या स्वयंपाकघरातल्या उघड्या दुधावर. गरिबाघरी दूध गार ठेवायची सोय नव्हती. बाळाला पाजायची बाटली लांब रबरी नळीची, आतून कधीच स्वच्छ न होणारी. साय काढलेलं, आटवलेलं, साखर घातलेलं डब्यातलं दूध स्वस्त पडायचं आणि त्यात बाळाला लागणारी चरबीच नसायची. अंगावर पिणारं बाळ या साखळीतून बरंचसं सुटायचं. वरच्या दुधावरचं बाळ तिच्यात पुरतं सापडायचं.

म्हणून माझा सगळा भर पौंडावर नाही, दिवसांवर आहे. कायद्याने जन्माची नोंद करायला तेव्हा ४२ दिवसांची मुदत होती. त्या काळी पहिल्या वर्षात जाणाऱ्या बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश पहिल्या महिन्यातच जायची. म्हणजे ते बाळ जन्माला आलं हे नगरपालिकेला कळायच्या आतच ते संपलेलं असायचं. आणि जे जगायचं, त्याच्या आईचं दूध सहा आठवड्यांत आटलेलं असू शकतं. एकदा आटलेलं दूध परत आणणं किती अवघड असतं, हे कुठल्याही बाळंतिणीला विचारा. बाळ-बाळंतिणीची विचारपूस करायला दीड महिन्याने दारात येऊन ‘अंगावर पाजा’ असा सल्ला देणाऱ्या बाईचा काय उपयोग?

माझ्या मते लाँगवूडच्या पौंडाने एवढंच केलं: जन्माची बातमी लवकर बाहेर आणली आणि भेटायला येणाऱ्या बाईसाठी दार उघडलं. पैशाने बाळ वाचलं नाही, हे तुमचं म्हणणं मी असं वाचतो. गावालाही ते कळलं असावं, कारण पुढचं पाऊल बक्षिसाचं नव्हतं. १९०६ च्या खास कायद्याने हडर्सफील्डमध्ये ४८ तासांत जन्माची वर्दी देणं सक्तीचं झालं. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं. आरोग्य अधिकारी सॅमसन मूर यांच्या हाताखालच्या स्त्री डॉक्टर घरी जाऊ लागल्या आणि नंतरच्या फेऱ्या स्वयंसेवक स्त्रिया करू लागल्या. १९०७ मध्ये असाच नियम इतर गावांसाठी ऐच्छिक झाला, १९१५ मध्ये सगळीकडे सक्तीचा. एखाद्या महापौराची लहर असती तर १९०६ मध्ये त्याच्या कारकिर्दीबरोबर तीही संपली असती.

आयांबद्दलचं माझं वाक्य मात्र चुकलंच. ‘त्यांना बाळ कसं सांभाळायचं माहीत नव्हतं’ असं मी लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं आहे. बाळंतपणानंतर चार आठवडे कारखान्यात काम द्यायचं नाही असा १८९१ चा कायदा होता, पण त्या चार आठवड्यांची मजुरी कोणी देत नव्हतं. लवकर कामावर परतणाऱ्या बाईला बाटलीचा धोका कळत नसेल असं मानणं अन्यायाचं आहे. तिच्यापुढे दुसरा मार्गच नसायचा. तिथल्या योजनेत आईनेच बाळाला पाजावं यावर भर होता. तो योग्यच होता, पण घरात चूल पेटायची पंचाईत असेल तिथे सल्ला किती पुरणार?

शेवटी तुम्ही विचारलंत, ज्या पाच घरांतलं बाळ गेलं त्यांना तो पौंड मिळाला नाही, हे क्रूर नव्हे का? आहे. वचनच तसं होतं, बाळ वर्षाचं झालं तर पैसे. शेजारच्या घरी पौंड आला त्या दिवशी त्या पाच जणींच्या दारावरून तो तसाच पुढे गेला. यावर मी तुमच्याशी वाद घालणार नाही.