एकसुरातली उजळणी आणि एकेकाची पाटी

दुसरी-तिसरीच्या वर्गातून 'बे एके बे, बे दुणे चार' असा ठेका ऐकू आला की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, काय छान उजळणी चाललीये! आत जाऊन मागच्या रांगेतल्या एखाद्या मुलीला नुसतं 'बे साते?' विचारा. ती ओठांतल्या ओठांत 'बे एके'पासून सुरू करते आणि बोटं मोजत चौदावर येते. तिच्या शेजारच्याला तेवढंही येत नाही. त्याला फक्त ठेका पाठ आहे, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तो बाकीच्यांचा ऐकून अर्धा क्षण उशिरा म्हणतो. तीस जणांच्या आवाजात ते कुणाच्या कानाला लागणार?

माझं म्हणणं एवढंच: सगळ्यांनी मिळून म्हटलेल्या उजळणीतून शिक्षकाला काही कळत नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्या पदरात काही पडत नाही. उजळणी एकेकट्यानं, पुस्तक मिटून, आठवून, पाटीवर लिहून व्हायला हवी. रोज आणि थोडीशीच. एकसुरात म्हणण्याला जागा आहे, नाही असं नाही. नवा पाढा जिभेवर बसेपर्यंत पहिले तीन-चार दिवस ते जरूर करा. पण पुढं वर्षभर तेच चाललं तर तो परिपाठाचा भाग झाला, उजळणी नव्हे.

गणिताच्या तासाची पहिली आठ मिनिटं यासाठी काढा. प्रश्न पाचच. दोन कालच्या कामावरचे, एक मागच्या आठवड्यातला, एक महिनाभरापूर्वीचा, आणि शेवटी एक संख्या तोंडी सांगून अंकांत लिहायला लावायची. महिन्यापूर्वीचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका तोच गाळला जातो, कारण 'तो धडा झालाय'. शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, हे हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडलं होतं. आपल्या वार्षिक नियोजनात मात्र धडा एकदा 'पूर्ण' झाला की त्याच्याकडे पुन्हा पाहायचं ते थेट सत्र परीक्षेच्या आठवड्यात.

पाटीची पद्धत साधी आहे, पण तिच्यात शिस्त लागते. प्रश्न फळ्यावर लिहायचा, एकदाच वाचायचा, तीस-चाळीस सेकंद गप्प बसायचं. (हे गप्प बसणंच आपल्याला सगळ्यांत जड जातं!) उत्तर लिहून झालं की मुलानं पाटी छातीशी उपडी धरायची. 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. जो तो आपल्या वेगानं पाटी वर करू लागला की वर्गातल्या हुशार मुलाची पाटी म्हणजे बाकीच्यांची उत्तरपत्रिका होते. मांडणी पाटीच्या एका कोपऱ्यात आणि उत्तर मध्यभागी बोटभर उंचीच्या अंकांत लिहायला सांगा, म्हणजे फळ्याजवळून दिसतं. दोघांत एक ओलं फडकं द्या, नाहीतर पाटी थुंकीनं आणि सदऱ्याच्या बाहीनं पुसली जाते आणि पांढऱ्या पाटीवर पुढचा अंक दिसतच नाही. मुलं फार चिकटून बसत असतील तर फळ्याचे दोन भाग करा, डावीकडच्या रांगांना एक गणित, उजवीकडच्यांना दुसरं.

पाट्या वर गेल्या की लगेच 'शाब्बास, चूक, शाब्बास' सुरू करू नका. नुसती नजर फिरवा. दोघा-तिघांचंच चुकलं असेल तर पुढं चला, त्यांना नंतर जवळ बसवता येतं. वर्गातल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पाट्या चुकल्या असतील तर तो घटक उद्या पुन्हा घ्यायचा. आज तिथंच शिकवायला बसलात तर आठ मिनिटांची तीस होतात आणि आठवड्याभरात हा सगळा प्रकार बंद पडतो.

आता खरा मुद्दा. गणित कुठलं द्यायचं? बहुतेक जण मनात येईल ते देतात. समजा ५२ − २७ दिलं. काही पाट्यांवर ३५ आलं. काय चुकलं? एक मूल 'मोठ्यातून लहान' काढतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३. दुसऱ्या मुलानं दशक बरोबर सुटा केला (एका दशकाचे दहा एकक केले), १२ मधून ७ काढून ५ लिहिले, पण दशकाच्या घरात ५ चे ४ करायला विसरलं. त्याचंही ३५. दोघांचे आजार वेगळे, उत्तर एक. एककांतला फरक ५ असला की हे नेहमी होणार. म्हणून असं गणित उजळणीत देऊच नका.

५३ − २६ द्या. बरोबर उत्तर २७. ज्याचं ३३ आलं तो मोठ्यातून लहान काढतोय, ज्याचं ३७ आलं तो दशक कमी करायला विसरलाय. पाटी पाहिल्याबरोबर कळतं, विचारावंही लागत नाही. दुसऱ्या रांगांना ६२ − ३८ द्या. बरोबर २४, मोठ्यातून लहान ३६, विसराळू ३४. शून्याची भीती तपासायची तर ५० − २७: बरोबर २३, पण ३७ लिहिणाराही सापडेल, 'शून्यातून काही जात नाही' म्हणून ३० लिहिणाराही, आणि दशक कमी न करता ३३ लिहिणाराही. तिसरीत ४०२ − १६८ ठेवा. २३४ यायला हवं. ३६६ आलं तर जुनीच खोड. २४४ आलं तर मुलानं शतक सुटं करून दहा दशक घेतले, पण त्यातला एक एककाकडे गेल्यावर नऊ उरले हे त्याच्या ध्यानात नाही. ज्यांचं ३३ आलं आणि ज्यांचं ३७ आलं त्यांना एकाच गटात बसवून पुन्हा 'हातचा' समजावणं म्हणजे दोघांचाही वेळ घालवणं. दुसऱ्याला फक्त खोडून वर नवा अंक लिहायची सवय लावायची असते. पहिल्याला काड्यांकडे परत न्यावं लागतं.

काड्यांविषयी थोडं सविस्तर, कारण साहित्य सगळ्या शाळांत असतं, बऱ्याचदा पेटीत. चार-चार मुलांच्या गटाला दहा-दहाचे नऊ गठ्ठे आणि वीस सुट्या, म्हणजे ११० काड्या लागतात. चोवीस मुलांचा वर्ग असेल तर सहा गट, ६६० काड्या. आइस्क्रीमच्या काड्या उत्तम, पण विकत घ्यायलाच हव्यात असं नाही. नारळाच्या खराट्याचे हीर दहा-दहा सेंटीमीटरचे कापले तरी चालतात. जाड बुडखा आणि शेंडा टाकून द्या आणि टोकं फरशीवर घासून बोथट करा. तुरीच्या काड्या फुकट मिळतात, पण जाडी कमी-जास्त असल्यानं गठ्ठे लहान-मोठे दिसतात आणि मुलं मोजण्याऐवजी जाडीवरून 'हा दहाचा' ठरवतात.

गठ्ठे शिक्षकानं बांधून देऊ नयेत. बांधलेल्या गठ्ठ्यात दहा आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही, प्रत्येक वेळी ते आतल्या काड्या मोजायला लागतं. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं पुन्हा मोजून मगच रबर चढवायचं. पहिल्या दिवशी आठाचे आणि अकराचे गठ्ठे हमखास निघतात. उन्हाळ्यात रबरं तुटतात, त्यामुळे जास्तीची ठेवा.

वजाबाकीला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक मांडणीतली आहे. ५३ − २६ साठी मुलं ५३ ही मांडतात आणि शेजारी २६ ही मांडतात, मग दोन ढिगांकडे बघत बसतात. 'काढून टाकणं' करताना फक्त ५३ मांडायचे, हे स्पष्ट सांगावं लागतं. पाच गठ्ठे, तीन सुट्या. सहा काढायच्या, सुट्या तीनच. एक गठ्ठा सोडला की चार गठ्ठे आणि तेरा सुट्या. इथं थांबून विचारायचं, 'आता एकूण किती?' निम्मी मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. न मोजता 'त्रेपन्नच' असं उत्तर येईपर्यंत पुढं जाऊ नका, दशक सुटा करण्याची सगळी समज या एका प्रश्नात आहे. मग सहा काढल्या, सात राहिल्या. दोन गठ्ठे काढले, दोन राहिले. सत्तावीस.

काही मुलं आधी दोन गठ्ठे उचलतात आणि मग सुट्यांकडे येतात. काही जण तीन सुट्या देऊन उरलेल्या तीन गठ्ठ्यातून ओढून काढतात आणि सातांवर रबर तसंच ठेवतात. यांना रागावू नका. काड्यांत कुठूनही सुरुवात केली तरी चालते. एककापासून सुरुवात करायची ती कागदावर, खाडाखोड टाळण्यासाठी.

काड्या, मग त्यांचं चित्र (गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्याला टिंब), मग अंक, हे तिन्ही एकाच तासात झालं पाहिजे. सोमवारी काड्यांचा उपक्रम आणि गुरुवारी वहीत गणितं केली, तर मुलांच्या लेखी तो सोमवारचा खेळ होता आणि हा गुरुवारचा अभ्यास आहे. फोटो मात्र सोमवारचेच निघतात.

पाचव्या प्रश्नाकडे, म्हणजे सांगितलेली संख्या लिहिण्याकडे, येऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं मुलांच्या अडचणीबद्दल होतं. वाद बाजूला ठेवला तरी अडचण रोज पाटीवर दिसते. 'पस्तीस' ऐकल्यावर पाच आधी कानावर पडतात, म्हणून ५३ लिहिलं जातं. 'एकोणसाठ'मधला साठ ऐकून ६९, 'एकोणपन्नास'ला ५९. म्हणून रोज एक संख्या या दोन गटांतली घ्याच. ५० च्या लांब कार्डाच्या शून्यावर ३ चं छोटं कार्ड ठेवून ५३ दाखवणं हा सोपा उपाय आहे. माझ्या मते 'पन्नास तीन' आणि 'त्रेपन्न' दोन्ही म्हणू द्यावं. बाजारात त्रेपन्नच लागणार आहे आणि मुलांना ते माहीत असतं.

पाढ्यांना पत्ते करा. जुन्या लग्नपत्रिका चौकोनी कापल्या की जाड पुठ्ठा फुकट मिळतो. पुढं 'तीन सक', मागं १८. प्रत्येक जोडीला तीन पाकिटं: रोज, एक दिवसाआड, शनिवार. पटकन आलेला पत्ता पुढच्या पाकिटात जातो, अडलेला परत 'रोज'मध्ये. एका वेळी दहा-बारा पत्त्यांपेक्षा जास्त देऊ नका. पहिली-दुसरी एकत्र बसणाऱ्या शाळेत एका वर्गाला हे काम देऊन दुसऱ्याकडे वळता येतं.

आणि नोंदी. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यात पहिली-दुसरीला आकारिक (रोजच्या कामाचं) ७० टक्के आणि संकलित (सत्र परीक्षेचं) ३० टक्के असा भार ठरला. म्हणजे रोजच्या कामाला परीक्षेच्या दुपटीहून जास्त वजन. कागदावर हे फार शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात 'गणितात रुची दाखवतो', 'उपक्रमात आनंदाने सहभागी होते' अशा तयार नोंदी मोबाईलवर फिरतात आणि जूनमधली नोंद मार्चमध्ये उतरवली जाते. त्याऐवजी एक दोनशे पानी वही घ्या, डावीकडे नावं, वर तारीख आणि गणित. बरोबर असेल तर काहीच लिहायचं नाही, चुकलं असेल तर मुलाचं उत्तर जसंच्या तसं लिहायचं: ३३, ३७, ३०. दोन मिनिटांचं काम आहे. वर्णनात्मक नोंद त्यातूनच लिहिता येते: 'दशक सुटा करते, कमी करायला विसरते, ऑगस्टअखेर सुधारणा.' पालकसभेतही आईला हे वाक्य कळतं.

दिवाळीच्या सुटीनंतर पहिले तीन दिवस नवा धडा उघडू नका. याच वहीतली, ज्यांत सर्वांत जास्त पाट्या चुकल्या होत्या ती पाच गणितं काढा, फक्त आकडे बदला, आणि बदलताना एककांतला फरक ५ येत नाही ना, तेवढं बघा.