‘रेणू कातडीत शिरतच नाही’ या आक्षेपाबद्दल

प्रतिक्रिया सविस्तर होती, त्यामुळे उत्तरही लांबलंय. वनस्पतींतल्या पॉलिसॅकराइडवरच्या (म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांवरच्या) माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: 500 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू त्वचेत शिरत नाही आणि हे तर हजारो-लाखोंच्या घरातले, म्हणजे इसब किंवा सोरायसिसवर उपयोग शून्य. वर असं लिहून मी लोकांना स्टेरॉइडचं मलम सोडायला लावतोय.

500 चा आकडा बरोबर आहे, पण तो धडधाकट त्वचेचा ढोबळ नियम. दाह कमी करणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचा रेणू 804 डाल्टनचा, तरी इसबावर त्याचं मलम चालतं, कारण तिथला वरचा थर आधीच खिळखिळा झालेला असतो. सोरायसिसच्या जाड चट्ट्यांवर तेच मलम फिकं पडतं, चेहऱ्यावर आणि काखेत बरं चालतं. 1200 च्या आसपासचं सायक्लोस्पोरिन हे औषध लावून मात्र फारसं काही होत नाही, ते पोटातूनच द्यावं लागतं. तेव्हा लाखभर डाल्टनची साखळी आत पोचते असं मी म्हणणार नाही. ओटमधलं बीटा-ग्लुकन हे असंच एक पॉलिसॅकराइड वरच पाणी धरून ठेवतं, पातळ थर देतं, आणि कोरड्या, खाजऱ्या त्वचेला तेवढ्यानंही आराम पडतो.

खरी कच्ची बाजू तुमच्या नजरेतून सुटली. अशा अर्कांत जिवाणूंचं एंडोटॉक्सिन (त्यांच्या आवरणातला विषारी अंश) सहज राहून जातं, आणि ते नॅनोग्रॅममध्येही मॅक्रोफेज या प्रतिकारक पेशींना चेतवतं. मग ‘अर्कानं प्रतिकारशक्ती जागवली’ असा निष्कर्ष निघतो. गंमत म्हणजे एंडोटॉक्सिनचा हलका डोस आधी मिळालेल्या पेशी पुढच्या डोसाला थंड प्रतिसाद देतात, म्हणजे ‘दाह कमी झाला’ हाही निष्कर्ष त्याच भेसळीतून निघू शकतो! म्हणून एंडोटॉक्सिन मोजल्याचा उल्लेख नसेल तर असा पेपर मी बाजूला ठेवतो, मग उंदरांचे आलेख कितीही देखणे असोत.

माणसांवरच्या चाचण्यांतही घोळ आहेच. कोरफडीची 1996 ची सोरायसिस चाचणी 60 रुग्णांवर झाली: कोरफडीच्या क्रीमनं सुमारे 83 टक्के बरे, नुसत्या क्रीमनं 7 टक्क्यांच्या आत. 2005 मध्ये दुसऱ्यांनी एकाच रुग्णाच्या एका बाजूला बाजारी कोरफड जेल लावलं, दुसऱ्या बाजूला कोरफडीविना जेल. सरस ठरलं ते कोरफडीविना! झाडाचं नाव एकच, पण मिश्रणं वेगळी. साखळीची लांबी आणि शुद्धता ठरवून दिल्याशिवाय अशा निकालांची तुलना करण्यात अर्थ नाही.

स्टेरॉइड सोडा असं मी लिहिलेलं नाही. चट्टा लालबुंद असताना डॉक्टरांचं मलम आधी, बाकीचं जोडीला. आणि धोकाच दाखवायचा तर हा दाखवा: इसब असलेल्या काही लहान मुलांत ओटची ॲलर्जी आढळली आहे, आणि भेगाळलेल्या त्वचेवर लावलेली ओटची क्रीम त्यामागे असावीत असा संशय आहे.