तीन नियमांत थवा जिवंत होत नाही

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचा हिवाळा गेममध्ये किंवा व्हीआरमध्ये (आभासी जगात) उभा करू पाहणाऱ्या नाशिकच्या मुलांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘बॉइड्सचे (कंप्युटरवर थवा उडवायच्या पद्धतीचे) तीन नियम टाका, पक्षी वाढवा, कृत्रिम वाटलं तर थोडं रँडम मिसळा, बाकी काम ग्राफिक्सचं.’ हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्यापायी चांगल्या प्रोजेक्टची माती होते.

‘तीन नियम पुरेत.’ शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेशी नि वेगाशी जुळवून घ्या, घोळक्याच्या मध्याकडे सरका, हे कंप्युटर ग्राफिक्सवाल्या क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली एका निबंधात मांडलं. पण त्याच निबंधात त्यांनी एक इशाराही दिला होता, तो मात्र कुणी पुढे पाठवत नाही: या ओढींची नुसती सरासरी काढू नका. समोर बंधाऱ्याची भिंत आली, एक नियम डावीकडे खेचतो, दुसरा उजवीकडे. बेरीज शून्य, आणि पक्षी थेट भिंतीत. म्हणून प्रवेगाला कमाल मर्यादा घाला आणि ती क्रमाने खर्च करा: आधी टक्कर टाळणं, मग दिशा जुळवणं, उरलंच तर मध्याकडे सरकणं.

‘ठरावीक त्रिज्येतले सगळे शेजारी धरा.’ रोमवर उडणाऱ्या स्टार्लिंगच्या (मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांच्या) थव्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पक्षी अंतर मोजत नाही. जवळचे सहा-सात शेजारी धरून चालतो, मग ते कितीही लांब असोत. त्रिज्या धरली तर ससाण्याच्या झडपेने थवा जरा पांगताच शेजारी त्रिज्येबाहेर जातात आणि थव्याचे तुकडे पडतात, ते पुन्हा जुळत नाहीत. जवळचे सात घ्या.

‘पक्षी वाढवा.’ २००० पक्ष्यांनी एकमेकांना तपासायचं तर एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, सुमारे ४० लाख तुलना होतात. जागेचे चौकोन पाडा, पक्ष्याचा चौकोन आणि लगतचेच तपासा; तिथे सात शेजारी भरले नाहीत तरच त्यापुढचे. निर्णय सेकंदाला दहा वेळा पुरे, तेही सगळ्यांचे एकाच फ्रेममध्ये नकोत. हालचाल मात्र दर फ्रेमला.

‘रँडम मिसळा.’ दर फ्रेमला नवा आकडा टाकला की पक्षी थरथरतो, जिवंत वाटत नाही. खऱ्या पक्ष्याच्या वागण्यातला फरक त्याच्या आतल्या स्थितीतून येतो: भूक, थकवा, भीती. प्रत्येक चांदव्याला (हा एक पाणपक्षी) ० ते १ मधली भीती द्या. दलदल ससाणा जवळ आला की ती वाढते, शेजारी उडाले तरी वाढते, एरवी हळूहळू ओसरते. ०.७ ला उडायचं, पण उतरायचं ०.३ च्या खाली आल्यावरच. दोन्हींसाठी एकच आकडा ठेवला तर पक्षी पाण्यावर वर-खाली उचक्या देत राहतो. ही चूक सगळ्यात जास्त दिसते. मधल्या पातळीला चांदवे उडत नाहीत, पाण्यातच एकमेकांना खेटून दाट घोळका करतात, तेही दाखवा.

आणि ‘बाकी ग्राफिक्सचं’ हे तर साफ चूक. चांदवा जागेवरून उडूच शकत नाही. पाण्यावर पाय आपटत, पंख फडफडवत लांबवर धावतो, मग उचलला जातो. तलवार बदक मात्र पाण्यातून जवळपास सरळ वर उसळी घेतं. दोघांना एकच ‘टेक-ऑफ’ लावला तर पिसं कितीही बारीक रंगवा, चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण लावणारा माणूस पहिल्या क्षणाला मान हलवेल. चांदव्याच्या धावेला मोकळं पाणी लागतं; समोर पाणवनस्पती असतील तर त्याने आधी दिशा बदलायला हवी. म्हणजे हे काम वर्तनाच्या कोडमध्येच येतं, ॲनिमेशनच्या क्लिपमध्ये नाही.

तपासणी सोपी आहे. पक्ष्यांची थ्रीडी मॉडेल काढून टाका, प्रत्येक पक्ष्याच्या जागी करडा त्रिकोण ठेवा, ससाणा अदृश्य करा आणि प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या कुणाला तरी दाखवा. ससाणा कुठून आला हे त्याला त्रिकोणांवरून ओळखता आलं, तरच पिसं चढवायला घ्या.