‘नुसतं कॉपी-पेस्ट, त्यात एवढं काय?’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

तारे किती द्यायचे हा तुमचा अधिकार, त्यावर वाद नाही. पण घरात जुना कॅमेरा पडून असलेले इतर लोकही तुमचा अभिप्राय वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातले फोटो पेनड्राइव्हवर उतरवून देण्याच्या, केबल जोडली की होणाऱ्या कामाला आम्ही उगाच दिवस लावले, फोटो लहान आणि धूसर आले, कित्येकांवर जानेवारी २००० ही तारीख आहे, आणि काही फोटो गायबच आहेत. फोटोंत काय आहे याबद्दल इथे अवाक्षर काढणार नाही, ती तुमची खासगी बाब.

आधी वेळेचं. तुमच्या कॅमेऱ्यात एक्सडी कार्ड, म्हणजे फोटो साठवणारं जुन्या प्रकारचं मेमरी कार्ड, आहे. २००२ साली ऑलिंपस आणि फुजीफिल्मने आणलेला हा प्रकार पुढे मागे पडला आणि दोघेही एसडी कार्डाकडे वळले, त्यामुळे आजच्या लॅपटॉपच्या खाचेत ते बसत नाही. त्यासाठी वेगळा रीडर, म्हणजे कार्ड घालून कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण, लागतो. तो तुम्ही घरी लावून पाहिला तेव्हा कॉम्प्युटरने ‘डिस्क फॉरमॅट करा’ असं विचारलं आणि तुम्ही ‘नाही’ म्हणालात. फार बरं केलंत. फॉरमॅट म्हणजे कार्ड रिकामं करून नव्याने तयार करणं. क्विक फॉरमॅटनंतर फोटो बहुधा परत काढता येतात, पण विंडोज व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट अख्ख्या कार्डावर शून्यं लिहून टाकतं. मग शोधायला काही उरतच नाही.

असा संदेश देणारं कार्ड आम्ही थेट उघडत नाही. आधी त्याची जशीच्या तशी पूर्ण प्रत काढतो, कार्डावर काहीही न लिहिता, आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करतो. कार्डातला एखादा भाग नीट वाचला गेला नाही की तो पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. वेळ तिथे गेला. शिवाय तुमच्या कॅमेऱ्याला स्वतःची अंतर्गत मेमरीही आहे. रीडरमध्ये ती दिसत नाही, त्यासाठी कॅमेराच चालू व्हावा लागतो, आणि तुमची बॅटरी चार्जच होत नव्हती. (आणि केबल जोडून भागलं नसतंच: तुमच्याकडच्या केबलमधून फक्त वीज जाते, डेटा नाही. अशा केबली दिसायला अगदी सारख्याच असतात.)

फोटो लहान नाही केले. तो २ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, म्हणजे १६०० बाय १२०० पिक्सेल. आजचा साधा फुल एचडी पडदासुद्धा १९२० पिक्सेल रुंद असतो, त्यामुळे फोटो पडदाभर ताणला की मऊ दिसणारच. ४ बाय ६ इंचांची प्रिंट काढून बघा, चांगली येते. सॉफ्टवेअरने फोटो ‘एचडी’ का करून दिले नाहीत, असंही तुम्ही विचारलंय. ती सॉफ्टवेअरं चेहऱ्यातले नसलेले बारकावे अंदाजाने भरतात. हवं असेल तर वेगळी प्रत तशी करून देऊ, पण मूळ फाइलवर तो प्रयोग मी करणार नाही. माझ्या मते कुणीच करू नये.

आता तारखा. ही तक्रार मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर उपाय आहे. फोटो काढल्याची तारीख कॅमेरा स्वतःच्या घड्याळावरून फाइलच्या आत लिहितो. मुख्य बॅटरी बराच काळ मेलेली राहिली की ते घड्याळही थांबतं, आणि नव्या बॅटरीनंतर तारीख लावायची राहिली तर कारखान्यातल्या तारखेपासून चालू लागतं. तारीख खोटी, पण दोन फोटोंमधलं अंतर खरं. म्हणून एखाद्या वाढदिवसाच्या एकाच फोटोची खरी तारीख आणि अंदाजे वेळ कळली, तर त्याच्या मागचे-पुढचे सगळे फोटो तेवढ्याच फरकाने सरकवता येतात. बॅटरी पुन्हा मेली असेल तिथे नवा तुकडा सुरू होतो; फाइलचा क्रमांक वाढतो पण तारीख मागे उडी मारते, त्यावरून तो ओळखू येतो. तुमच्या फोटोंत असे अनेक तुकडे आहेत. कुठल्या तुकड्यात कुठला समारंभ, हे आम्हाला कसं कळणार? अंदाजाने तारखा टाकल्या असत्या तर पुढे त्याच खऱ्या मानल्या गेल्या असत्या.

गायब फोटोंसाठी आम्ही दिलेला पेनड्राइव्ह उघडा. त्यात कार्ड आणि अंतर्गत मेमरी अशी दोन वेगळी फोल्डर आहेत आणि दोन्हींत त्याच नावांच्या काही फाइली आहेत. ती दोन्ही एकाच जागी कॉपी करताना ‘रिप्लेस’ निवडलं तर एका फोटोवर दुसरा बसतो. पेनड्राइव्हवरची संख्या पावतीवर लिहिली आहे, ती ताडून पाहा. न चालणारे दोन व्हिडिओ जुन्या मोशन जेपेग पद्धतीचे आहेत. व्हीएलसी प्लेअरमध्ये चालतील.

प्रत्येक तुकड्यातल्या एका फोटोचं फाइलनाव आणि खरी तारीख कळवा, तारखा सुधारलेला वेगळा संच आम्ही विनामूल्य करून देऊ. पेनड्राइव्हवरचा आकडा पावतीशी जुळला नाही तर कार्ड घेऊन या, तुमच्यासमोर पुन्हा वाचू. तोवर ते कॅमेऱ्यात घालून नवे फोटो मात्र काढू नका.