दोन ट्रॉल्या आणि तीन इंजिनं

जुनी गाडी घ्यायची आहे असं सोलापुरात एकदा तोंडातून निघालं की पहिला प्रश्न ठरलेला. "रनिंग किती?" बजेट, रंग, घरात माणसं किती, हे सगळं मागाहून. माझं रनिंग असं: जुळे सोलापुरातून निघायचं, विजापूर रोडने सात रस्त्यापर्यंत यायचं, ऑफिस, आणि संध्याकाळी तेच उलट. महिन्याकाठी एखादं तुळजापूर नाहीतर पंढरपूर. हे खरं खरं सांगितलं की समोरचा जरा वेळ गप्प बसतो आणि मग म्हणतो, "मग रिक्षा बरी की ओ."

पण मला रिक्षा नको होती. मला स्कोडाची ऑक्टाव्हिया हवी होती. दिसायला सरळ, चार दारांची, सोज्वळ गाडी. लग्नाला नेली तर कुणी वळून बघणार नाही, आणि पाय दाबला तर मागे बसलेल्याची टोपी पडेल. 2013 साली तिची नवी पिढी आपल्याकडे आली ती तीन इंजिनं घेऊन. 1.4 टीएसआय पेट्रोल, 140 घोडे. 1.8 टीएसआय पेट्रोल, 180 घोडे. आणि 2.0 टीडीआय डिझेल, 143 घोडे. एवढ्या घोड्यांचं सात रस्त्याच्या सिग्नलला काय करणार, हा प्रश्न बायकोने पहिल्याच दिवशी विचारला. त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

इंजिनं तीन, पण घरात मतं पाच.

सासरे डिझेलवाले. बार्शीकडची शेती, दारात ट्रॅक्टर, आयुष्यभर कॅनमधून डिझेल आणलेला माणूस. पेट्रोल हे त्यांच्या लेखी मोटरसायकलीत घालायचं आणि फार तर शेकोटीवर शिंपडायचं द्रव्य. "जावईबापू, पेट्रोल गाडी म्हणजे पैशाला भोक," हे वाक्य त्यांनी फोनवर, प्रत्यक्ष आणि एकदा एका बारशात माइकच्या अगदी जवळ उभं राहून म्हटलं.

माळशिरस तालुक्यातले आमचे काका पेट्रोलवाले. यामागे गाडीचं प्रेम नाही, ऊस आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल, आणि आमच्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, की रात्री कुठूनही निघा, एखादी चिमणी दिसतेच. काकांचं म्हणणं असं की घरचा माणूस डिझेल भरत फिरला तर गावात तोंड कसं दाखवायचं? मी सांगून पाहिलं, काका, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ताकद कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं. शिवाय मी बघतोय त्या 2015-16 च्या गाड्या काही वीस टक्क्यांसाठी बनवलेल्या नाहीत, रबरी नळ्या आणि सीलं बघून घ्यावी लागतात. काका म्हणाले, "ॲव्हरेज पडलं तर पेट्रोल जास्त लागंल. जास्त लागलं तर ऊस जास्त लागंल. मग वाईट काय झालं?" या अर्थशास्त्रापुढे मी हात टेकले.

पुण्याचा मेहुणा आयटीत आहे, त्यामुळे त्याला भविष्य दिसतं. "दाजी, डिझेल संपलं. 2020 ला बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा त्या कंपनीनेच इथलं डिझेल बंद केलं. दिल्लीत बघा, दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांना काय दिवस आलेत." दिल्लीचे नियम जुळे सोलापूरला लागू नाहीत, आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, हे मी सांगेपर्यंत तो इलेक्ट्रिकवर गेला होता.

बायकोचा प्रश्न एकच. "डिकी केवढी?" डिकी 590 लिटरची. हे ऐकून ती क्षणभर वर बघत राहिली. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाचशेची आहे. ज्या गावात नळाचं पाणी रोज येत नाही, मधले दिवस मोजत बसावं लागतं, तिथे टाकीपेक्षा मोठी डिकी असलेली गाडी घेणं तिला एकदम समजूतदारपणाचं वाटायला लागलं. इंजिन मग कुठलं का असेना.

पाचवं मत गाडीच्या मिस्त्रींचं. त्यांच्याकडे मी हिशोबाचा कागद घेऊन गेलो. महिना सहाशे किलोमीटर धरले. पेट्रोल शंभराच्या वर, डिझेल नव्वदीत. गावातल्या गावात 1.8 पेट्रोल लिटरला दहा देईल, डिझेल चौदा-पंधरा. म्हणजे किलोमीटरमागे चारेक रुपयांचा फरक, महिन्याला चोवीसशे, वर्षाला एकोणतीस हजाराच्या घरात. आणि एजंट डिझेलचे लाखभर जादा मागत होता. लाख वसूल व्हायला साडेतीन वर्षं. मिस्त्रींनी कागद बघितला, त्यावर हात पुसले आणि म्हणाले, "साहेब, हे सगळं बरोबर हाय. पण एक इंजेक्टर गेला की ह्यातलं काहीच बरोबर नाय."

मग त्यांनी मला गिअरबॉक्स समजावून सांगितला. इंजिन बघायला गेलेल्या माणसाला हे लोक हमखास गिअरबॉक्समध्ये ढकलतात. 1.8 पेट्रोलला सात गिअरची डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी पेटी. तिच्यात दोन क्लच असतात, एक एक-तीन-पाच-सातसाठी, दुसरा दोन-चार-सहासाठी. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार, त्यामुळे बदल झालेला कळतही नाही. पण हे दोन्ही क्लच कोरडे, त्यांना गारवा मिळायचा तो हवेचा. डिझेलच्या ऑटोमॅटिकला सहा गिअर, आणि तिचे क्लच तेलात बुडालेले, उष्णता तेल ओढून घेतं. मोकळ्या रस्त्यावर दोघींत फरक नाही. फरक पडतो गर्दीत इंच-इंच सरकताना, जेव्हा क्लच पुन्हा पुन्हा अर्धवट दाबला जातो.

"आता तुमीच सांगा," मिस्त्री म्हणाले, "मे महिन्यात सात रस्ता. वर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. हवाच गरम, तर ती क्लचला काय गार करणार? कोरडं आपल्या गावात नको ओ साहेब. इथं आधीच सगळं कोरडं हाय."

म्हणजे ओलं हवं तर डिझेल, आणि डिझेल हवं तर रनिंग हवं, कारण तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन धड तापत नाही, काजळी धरतं. यावर मी एक शंका काढली की सोलापुरात मे महिन्यात इंजिन सुरू करायच्या आधीच तापलेलं असतं. मिस्त्रींना ती आवडली नाही.

बघायला पहिली मिळाली ती 1.8. पांढरी. एजंट म्हणाला, डॉक्टरांची गाडी आहे. मी आजवर चौकशी केलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांची निघाली आहे. या देशात पेशंट गाड्या घेतच नसावेत. तुळजापूर रोडला नेली, गाव मागे पडल्यावर पाय दिला, आणि पुढचं मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही. आवाज नाही, धक्का नाही, फक्त शेजारच्या एजंटचं "ह्याचा एसी बघा, एसी बघा" हे वाक्य तोंडातच राहिलं. इंजिन वर चढत जातं तसं आणखी खुलतं. मन तिथेच गेलं. मग परत येताना गावात शिरलो, पुढे वरात होती, आणि त्या वरातीमागे सरकताना मला प्रत्येक इंचाला मिस्त्रींचा आवाज ऐकू यायला लागला.

दुसरी डिझेल, एमएच-12, पुण्याहून आलेली. ही चालवायला सासरे मुद्दाम बार्शीहून आले आणि पुढे बसले. या इंजिनाचा रेटा, म्हणजे टॉर्क, 320 न्यूटन-मीटर, तिघांत सगळ्यात जास्त, पण तो इंजिनाच्या मिनिटाला सतराशे-साडेसतराशे फेऱ्यांनंतर हातात येतो. त्याआधी शांतता. मी पाय दिला, काही झालं नाही, आणखी दिला, आणि मग जे झालं त्यात सासऱ्यांच्या हातातला चहा डॅशबोर्डवर गेला. "ही खरी गाडी," ते शर्ट झटकत म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी त्यांना 2015 सालचं प्रकरण सांगितलं. त्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झालं की फोक्सवॅगनच्या, म्हणजे स्कोडाच्या मालक असलेल्या जर्मन कंपनीच्या, घराण्यातल्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर धुराची चाचणी चालू आहे हे ओळखतं, आणि तेवढ्या वेळापुरतं धूर आवरून धरतं. आपल्याकडेही तसल्या इंजिनाच्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या गेल्या. तेव्हा ही गाडी जाऊन आली का, कागद आहे का, हे बघायला हवं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे साहेब येणार म्हटलं की शाळा सारवून घ्यायची, तसंच ना? मग त्यात जर्मनांचं काय विशेष?"

आता खरं सांगायचं तर मला ताकद कशाला हवी होती, हे या सगळ्या फिरतीत हळूहळू स्पष्ट होत गेलं. चौपदरी महामार्गावर कायद्याने वेग शंभर. तिथे 140 काय आणि 180 काय, दोघंही हात बांधूनच पळणार. स्पोर्टी गाडीची गरज आमच्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी पडते: गळीत हंगामात, दुपदरी रस्त्यावर, ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे टाकताना. ज्याने हे केलेलं नाही त्याला टॉर्क पुस्तकातून कळणार नाही. पुढे ट्रॅक्टर, त्याला ट्रॉली, तिला आणखी एक ट्रॉली, दोन्हींच्या बाजूंनी ऊस रस्त्यावर हात पसरलेला. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नाही, आणि टेपवर जे गाणं चालू आहे त्यात तुमचा हॉर्न बुडून जातो. वेग वीस. समोरून एसटी येते आहे, ती किती लांब आहे हे तुमच्या नशिबावर. अशा वेळी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात, कमी फेऱ्यांवर, लगेच रेटा लागतो. पाच हजारांच्या वर फेऱ्या गेल्यावर मिळणाऱ्या 180 घोड्यांचा तिथे उपयोग नसतो. तिथवर पोचेपर्यंत एसटी पोचलेली असते.

आणि हा रेटा आकड्यांत बघायला गेलो तेव्हा मला एक मजेशीर गोष्ट दिसली. 1.8 चा टॉर्क 250 न्यूटन-मीटर. 1.4 चा टॉर्क? 250 न्यूटन-मीटर. तोच. सात गिअरची ती कोरडी डीएसजी मुळात अडीचशेपर्यंतच्याच रेट्यासाठी बनवलेली, आणि तिला जोडलेल्या 1.8 चा रेटा नेमका अडीचशेवर थांबतो. चाळीस घोडे जास्त आहेत, ते वरच्या फेऱ्यांत आहेत, पण ट्रॉलीशेजारी ते भेटायला येत नाहीत. 1.4 चा सगळा रेटा पंधराशे फेऱ्यांपासून हजर. वर सहा गिअर, साधे, हाताने टाकायचे. कोरडं-ओलं हा वादच नाही.

गंमत म्हणजे या 1.4 बद्दल घरात कुणीच बोललं नव्हतं. तिच्या बाजूने एकही मत नव्हतं. एजंट तर म्हणाला, "ती घेऊ नका, विकताना गिऱ्हाईक मिळत नाही." हे वाक्य विकत घेणाऱ्याने नीट ऐकावं असं आहे. विकताना गिऱ्हाईक मिळत नसेल तर आत्ता घेणारा मीच ना एकटा? अशी एक लातूरला निघाली, एमएच-24. निवृत्त प्राध्यापकांची, डॉक्टर नव्हे, यावरूनच माझा विश्वास बसला. मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी स्कॅनर लावला, टर्बोच्या पाइपात बोट घातलं, तेलाच्या झाकणाचा वास घेतला, टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारलं. बदललेला नव्हता. 1.8 ला साखळी असते, याला बेल्ट, आणि तो वेळेवर बदलला नाही तर खर्च इंजिनाचा. मिस्त्रींनी तिथल्या तिथे बेल्टचे, पंपाचे आणि स्वतःच्या दिवसाचे पैसे किमतीतून कापायला लावले. प्राध्यापकांनी ते इतक्या निमूटपणे मान्य केलं की मला अजून पाच हजार कापायचा मोह झाला. मिस्त्रींनी डोळ्यांनी नको म्हटलं.

घरी आल्यावर सगळे सारखेच नाराज झाले. सासऱ्यांना ते पेट्रोल म्हणून, मेहुण्याला ते इंजिन म्हणून, काकांना ते 1.4 म्हणून, कारण 1.8 ने जास्त ऊस खाल्ला असता. बायकोने तेवढी डिकी उघडून बघितली आणि त्यात वीस-वीस लिटरचे जार ओळीने लावून दाखवले.

पंढरपूरला पहिल्यांदा निघालो तेव्हा सासरे पुढे, त्यांच्या मांडीवर शेंगाचटणीचा डबा. मोहोळच्या पुढे अपेक्षेप्रमाणे ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या, दिवा नाही. तिसरा गिअर टाकला, पाय दिला, आणि समोरची एसटी अजून लांबच होती तोवर आम्ही आपल्या बाजूला परत आलोही. सासरे मागे वळून ट्रॉलीकडे बघत राहिले. गाडीबद्दल काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "ऊस बारीक हाय ह्या वर्षी."

पंपावर मी पाकीट शोधत होतो तोवर ते खाली उतरले, पोराकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "डिझेल, दोन हजार." मी दार उघडून ओरडत धावलो. पोराने नळी हातात धरूनच विचारलं, "गाडी नेमकी कुणाची ओ?"

"गाडी त्यांची हाय," सासरे म्हणाले, "पण सांगायलो मी."